हातापायांचे वेगळेपण घेऊन जन्मलेले बाळ: निदानापासून जनुकीय समुपदेशनापर्यंत

माझ्या भावाचा मुलगा जन्मला तेव्हा त्याच्या डाव्या हाताचा अंगठा करंगळीहूनही बारीक होता आणि मनगट अंगठ्याच्या बाजूला किंचित झुकलेले होते. प्रसूतिगृहातील डॉक्टरांनी दुपट्यात गुंडाळलेले बाळ आमच्या हाती देताना ‘अंगठा थोडा लहान आहे, बाकी सगळे व्यवस्थित’ एवढेच सांगितले आणि आम्हीही त्यावर विसंबलो. ते ‘बाकी सगळे’ कोणी तपासलेच नव्हते, हे अडीच वर्षांनी कळले. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईला नेले असता तिथल्या डॉक्टरांनी आधी पोटाची सोनोग्राफी करून आणायला सांगितली आणि मुलाला एकच मूत्रपिंड असल्याचे दिसले. एका मूत्रपिंडावर माणूस पूर्ण आयुष्य काढतो, आमचा मुलगाही धडधाकट आहे. परंतु पहिल्या आठवड्यात एका सकाळी होण्याजोगी तपासणी आम्हाला इतक्या उशिरा मिळाली, याची खंत आजही आहे.

कोकणात ज्यांच्या घरी असे बाळ नुकतेच जन्मले आहे, त्या आईवडिलांसाठी, आजीआजोबांसाठी आणि त्यांच्या दारात सर्वांत आधी पोहोचणाऱ्या आशाताईंसाठी हा लेख लिहीत आहे. हातापायाचा फरक डोळ्यांना लगेच दिसतो, म्हणून निदान झाले असे सर्वांना वाटते. खरे निदान त्यानंतर सुरू होते आणि ते ठरावीक क्रमाने केले तर खर्च, फेऱ्या आणि मनस्ताप तिन्ही कमी होतात.

पहिल्या आठवड्यात काय पाहावे

बहुतेक बाबतीत घाईचे काहीच नसते. बाळ दूध पीत असेल, रडत असेल, लघवी-शी नीट होत असेल, तर आईला विश्रांती द्यावी आणि पाहुण्यांची रीघ थांबवावी. काही खुणा मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाव्या लागतात. हाताला किंवा पायाला दोरी आवळल्यासारखी खोल खाच असेल आणि तिच्या पुढचा भाग सुजलेला किंवा निळसर पडत असेल, तर रक्तप्रवाह अडत असण्याची शक्यता असते आणि तिथे एक दिवसही थांबू नये. अंगठ्याच्या बाजूचा फरक असलेल्या बाळाच्या अंगावर लाल-जांभळे बारीक ठिपके दिसले, तर रक्तातील प्लेटलेट तातडीने मोजून घ्याव्यात. तोंडाला सतत फेस येणे, पाजताना ठसका लागून बाळ काळेनिळे होणे, शीची जागाच नसणे या गोष्टी अन्ननलिकेच्या आणि आतड्याच्या दोषाकडे बोट दाखवतात. हाताच्या फरकासोबत ते दोष कधीकधी येतात, आणि तसे असेल तर बाळाला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते.

पाऊल आत वळलेले असेल, म्हणजे ज्याला डॉक्टर क्लबफूट म्हणतात तसे असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू करणे उत्तम. इग्नासिओ पोन्सेटी या डॉक्टरांनी रूढ केलेल्या पद्धतीत दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे थोडे सरळ करून नवे प्लास्टर घालतात. साधारण पाच ते सात प्लास्टरांनंतर बहुतेक मुलांच्या टाचेची शीर एका छोट्या छेदाने सैल करतात आणि पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना खास बूट लावतात. पाऊल सरळ दिसू लागले म्हणून बूट बंद करणे ही या उपचारातील सर्वांत नेहमीची चूक आहे आणि तिच्यामुळे पाऊल पुन्हा वळते.

याच दिवसांत घरात आणखी दोन गोष्टी घडतात. सहावे बोट असेल तर कोणीतरी जाणती बाई त्याला दोरा किंवा केस बांधायला सांगते. तसे करू नये. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि बुंध्याशी गाठ राहून पुढे दुखते. शिवाय त्या बोटात हाड होते की नुसते मांस, ते अंगठ्याकडे होते की करंगळीकडे, हे निदानासाठी मोलाचे असते आणि बोट गळून पडल्यावर सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून कोणताही उपचार करण्यापूर्वी दोन्ही हातांचे आणि दोन्ही पावलांचे, वरून आणि तळव्याकडून, उजेडात स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत, डॉक्टरांसाठी जपावेत.

दुसरी गोष्ट ग्रहणाची. आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून बाळाची बोटे गेली, असे बोलणे आमच्याही माजघरात झाले आणि माझी वहिनी ते खाली मान घालून ऐकत राहिली. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस हाताचे अंकुर फुटतात, एक-दोन दिवसांनी पायांचे फुटतात आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे सुटी झालेली असतात. घडण्याचे सगळे काम पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, कित्येकदा आईला दिवस गेल्याचे नीट समजण्यापूर्वीच, उरकलेले असते. पाचव्या महिन्यातील ग्रहणाने त्या हाताचे काहीही बिघडू शकत नाही. वडीलधाऱ्यांना ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल तर लावू द्यावा, पण तपासणीची तारीख त्यावर पुढे ढकलू नये आणि आईवर ठपका येईल असे एकही वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नये.

वेगळेपणाला नेमके नाव मिळवणे

‘हात अपंग आहे’ हे निदान होत नाही. नेमके कोणते हाड किंवा बोट नाही, ते पूर्ण नाही की अर्धवट, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, यावरून कारणांची यादी पार बदलते. त्यासाठी अस्थिरोग किंवा हाताच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ डॉक्टर बाळाला तपासतात आणि दोन्ही बाजूंच्या पूर्ण अवयवाचा एक्सरे काढतात. चांगला दिसणारा हातही एक्सरेत घ्यावा, कारण त्यात लपलेला बारीक फरक कधीकधी खरी दिशा दाखवतो. इथे आईवडिलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: नवजात बाळाच्या मनगटाची छोटी हाडे अजून कूर्चेची असतात आणि एक्सरेत दिसतच नाहीत. आमच्या घरी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ‘याला मनगटच नाही’ म्हणून रडारड झाली होती. एक्सरेचा अर्थ तज्ज्ञांकडूनच ऐकावा.

ढोबळमानाने काही चित्रे अशी आहेत. कोपराखाली हात एकाएकी संपतो, टोकाला बारीक मांसल मणी असतात, त्यांवर कधी तिळाएवढी नखेही असतात आणि दुसरा हात पूर्ण असतो: असा एकाच बाजूचा फरक बहुधा गर्भात त्या जागेचा रक्तपुरवठा अडल्याने होतो आणि तो सहसा वंशपरंपरेने येत नाही. हाताची बोटे आखूड असून त्याच बाजूच्या छातीचा स्नायू दिसत नसेल, तर त्यास पोलंड सिंड्रोम म्हणतात आणि तोही बहुतांशी एकट्यादुकट्याच मुलात आढळतो. गर्भाच्या पिशवीचे तंतू बोटांना वेढल्याने खाचा पडतात, टोके जुळतात किंवा तुटतात, तेव्हाही पुढच्या बाळाला तेच होण्याची भीती जवळजवळ नसते.

याउलट हाताच्या मध्यभागी खोल फट, म्हणजे खेकड्याच्या नांगीसारखा हात किंवा पाय, हा पुष्कळदा एका पिढीतून दुसरीत उतरतो. त्यातली फसवी बाब अशी की मधल्या एखाद्या माणसात जनुकीय बदल असूनही हात पूर्ण असू शकतो, त्यामुळे आजोबा आणि नातू यांच्यात एक पिढी कोरी वाटते. करंगळीकडचे सहावे बोट बऱ्याच कुटुंबांत निरुपद्रवीपणे चालत येते. मात्र त्याच्या सोबत बाळाची वाढ खुंटलेली असेल, छाती अरुंद असेल, किंवा पुढे वजन भराभर वाढून रात्री दिसेनासे होत असेल, तर ते मोठ्या आजाराचे एक टोक असू शकते. जुळलेल्या बोटांसोबत डोक्याच्या कवटीचा आकार वेगळा असेल तर तोही डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावा. पायात पोटरीकडचे बारीक हाड, म्हणजे फिब्युला, नसणे हा पायाच्या लांब हाडांतील सर्वांत जास्त आढळणारा फरक आहे आणि तो बहुधा आनुवंशिक नसतो. नडगीचे हाड नसणे दुर्मीळ असले तरी काही घराण्यांत ते आनुवंशिक असते, म्हणून तिथे समुपदेशन टाळू नये.

अंगठ्याच्या बाजूचा फरक: इथे थांबून पाहावे

कोपर ते मनगट दोन हाडे असतात, अंगठ्याकडचे रेडियस आणि करंगळीकडचे अल्ना. अंगठा लहान किंवा नसणे, रेडियस आखूड किंवा नसणे, या एका बाजूवर मी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ घालवणार आहे, कारण या मुलांच्या बाबतीत हातापेक्षा शरीराच्या आत जे असते ते अधिक महत्त्वाचे ठरू शकते.

हृदयात छिद्र आणि अंगठ्यात फरक असे दोन्ही असल्यास होल्ट-ओराम सिंड्रोमचा विचार करतात. ते टीबीएक्स५ या जनुकातील बदलाने होते आणि ज्याला ते आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. कित्येकदा बाळामुळेच वडिलांचे किंवा आईचे निदान होते. रेडियस दोन्ही हातांत नाही, पण अंगठे मात्र आहेत, आणि प्लेटलेट फार कमी आहेत, असे असेल तर टार सिंड्रोम. अंगठ्याचे असणे-नसणे ही इथली मोठी खूण आहे. मणके, शीची जागा, हृदय, अन्ननलिका, मूत्रपिंड आणि हात यांपैकी किमान तीन ठिकाणी दोष एकत्र आले तर त्या समूहाला व्हॅक्टर्ल म्हणतात. तो बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो.

आणि मग फँकोनी अॅनिमिया. या आजारात अंगठा लहान किंवा गायब असू शकतो, अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असू शकतात, मूल ठेंगणे असू शकते आणि अस्थिमज्जा पुढे हळूहळू रक्त बनवणे कमी करते, बहुधा पहिल्या दहा वर्षांत. जन्माच्या वेळी रक्ताचा साधा रिपोर्ट अगदी उत्तम येतो, म्हणून ‘सीबीसी नॉर्मल आहे’ या आधारावर हा आजार नाही असे म्हणता येत नाही. त्यासाठी गुणसूत्रे तुटण्याची खास चाचणी करावी लागते. निदान आधीच माहीत असेल तर रक्तावर नजर ठेवता येते, अनावश्यक एक्सरे-सीटी टाळता येतात आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची वेळ आली तर दात्याचा शोध घाईगर्दीत करावा लागत नाही. अंगठ्याची शस्त्रक्रिया ठरण्यापूर्वी ही चाचणी झालेली असावी, असा आग्रह पालकांनी स्वतः धरावा.

म्हणून अंगठ्याकडचा फरक असलेल्या प्रत्येक बाळाची हृदयाची टूडी एको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, पाठीच्या कण्याचा एक्सरे आणि प्लेटलेटसह संपूर्ण रक्ततपासणी करून घ्यावी. यांपैकी बहुतेक तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात. आमच्या मुलाच्या वेळी हे चार शब्द कागदावर लिहून देणारे कोणी भेटले असते, तर मी हा लेख लिहिला नसता.

घराण्याचा नकाशा काढणे

जनुकीय समुपदेशनाची, म्हणजे फरक घराण्यातून आला का आणि पुढे उतरेल का हे तज्ज्ञांकडून समजून घेण्याची, खरी सुरुवात रक्ताच्या नळीपासून होत नाही, ती तीन पिढ्यांच्या वंशवृक्षापासून होते, आणि तो घरी बसून फुकट काढता येतो. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, ज्याला फरक आहे त्याची आकृती काळी करायची, आणि नवराबायको आधीपासून नात्यातले असतील तर त्यांच्यामध्ये दुहेरी रेघ. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न झाले असेल तर ते लपवू नये. अशा लग्नात दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेला एकच बदल असण्याची शक्यता वाढते, एवढ्यासाठीच डॉक्टर विचारतात.

यासाठी कोकणासारखी सोय दुसरीकडे नाही. गणपतीत सगळे चाकरमानी गावी येतात, मुंबई-पुण्याचे चुलते, लेकीसुना, माहेरवाशिणी एका ओटीवर भेटतात, आणि आरतीनंतरच्या निवांत दुपारी म्हाताऱ्या बायका तीन पिढ्या मागचे बोलू लागतात. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर असाच नकाशा काढला. आमच्या काही घराण्यांत छापील कुलवृत्तांत असतात आणि लोक तेच घेऊन समुपदेशकांकडे जातात, पण त्यात बहुधा मुलग्यांचीच शाखा पुढे चालते. सासरी गेलेल्या मुलींची मुले, आईचे माहेर, जन्मताच गेलेली बाळे यांची नोंद नसते. मी स्वतः आमच्या कुलवृत्तांतात एका ओळीत संपते. जनुकाला मात्र माहेर-सासर कळत नाही, म्हणून आईच्या बाजूचे तितकेच लिहावे.

काय विचारावे? हातापायांचा फरक कोणाला होता; लहानपणी बोट कापून टाकले होते का; हृदयाला भोक, एकच मूत्रपिंड, बहिरेपणा कोणाला; सतत रक्त चढवावे लागून कोणी लवकर गेले का; किती गर्भ पडले, किती बाळे जन्मल्यावर दगावली. उत्तरे आली की ती न गाळता लिहावीत, निष्कर्ष मात्र आपण काढू नयेत. आमच्या धाकट्या आजीला आठवले की पणजोबांच्या उजव्या पायाला सहावे बोट होते आणि घरात सर्वांना वाटले, कारण सापडले. समुपदेशकांनी तो कागद शांतपणे पाहिला आणि सांगितले की करंगळीकडचे सहावे बोट आणि अंगठा न घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा संबंध जोडता येत नाही. कोणाच्या तरी माथी मारलेला दोष त्या दिवशी खाली उतरला.

गरोदरपणाचा इतिहास हा या नकाशाचा दुसरा भाग. आईला मधुमेह होता का, आकडीवरचे व्हॅल्प्रोएट चालू होते का, पहिल्या तीन महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या, हे विचारले जाते. औषधाने हात घडणे कसे थांबते याचा धडा जगाने थॅलिडोमाइडमुळे घेतला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले हे औषध गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ दिवसांच्या खिडकीत घेतले गेले, तेव्हा दहा हजारांहून अधिक बाळांवर परिणाम झाला. आपल्याकडे दुकानातून परस्पर आणलेल्या पाळी येण्याच्या गोळ्या ही अधिक नेहमीची गोष्ट आहे आणि त्यांतील मिसोप्रोस्टॉलने गर्भ न पडता वाढत राहिला, तर हातापायांवर परिणाम होऊ शकतो. हे सासूबाईंच्या आणि दिरांच्या समोर कोणतीही सून सांगणार नाही. समुपदेशकांना आईशी दहा मिनिटे एकटीने बोलू द्यावे, ही विनंती मी प्रत्येक कुटुंबाला करते. आकडीचे औषध स्वतःहून बंद करू नये. पुढच्या गर्भधारणेपूर्वी डॉक्टर ते बदलून देऊ शकतात.

कुठे जावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला, म्हणजे आपल्याच उत्तर कोकणात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष शोधून त्यांना उपचारांपर्यंत नेणे हे त्याचे काम. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पण तोपर्यंत थांबू नये. आशाताईंमार्फत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्यावी. अलिबाग, रत्नागिरी, ओरोस येथील जिल्हा रुग्णालयांतून पुढची चिठ्ठी मिळाली की मुंबईतील नोंदणी सोपी जाते.

आनुवंशिकीचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच आहेत. परळला केईएम आणि वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. केईएमच्या आवारातच आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही रक्तविकारांची संस्था आहे. हाताचा वापर, थेरपी आणि कृत्रिम अवयव यांसाठी हाजीअलीला १९५५ सालापासून चालत आलेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडील कुटुंबांना बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजते. जनुकीय चाचणीचा खर्च त्यात येतो का, हे नमुना देण्यापूर्वी वेगळे विचारून घ्यावे.

चाचण्या: कोणती, कधी आणि कशासाठी

प्रत्येक मुलाला जनुकीय चाचणी लागत नाही. एकाच हाताचा, खाचा पडलेला, स्पष्ट तंतूंचा फरक असेल तर तज्ज्ञ चाचणी न सांगता घरी पाठवतात आणि तेच योग्य असते. ‘तपासलेच नाही’ म्हणून रागावून परस्पर खाजगी प्रयोगशाळेत हजारो रुपये घालवू नयेत. दोन्ही बाजूंना फरक, इतर अवयवांत दोष, घराण्यात तसेच कोणी, किंवा आईवडिलांचे नात्यातले लग्न, यांपैकी काही असेल तर चाचणीला अर्थ येतो.

मायक्रोअॅरे ही चाचणी गुणसूत्रांचे गाळलेले किंवा दुप्पट झालेले तुकडे दाखवते. जनुकांचे पॅनेल (निवडक जनुकांची तपासणी) किंवा एक्झोम (जवळजवळ सर्व जनुकांची तपासणी) ही चाचणी जनुकांच्या मजकुरातील अक्षरागणिक बदल शोधते. एक्झोमसाठी बाळासोबत आईवडिलांचेही रक्त घेतले तर अर्थ लावणे पुष्कळ सोपे होते, त्यामुळे वडिलांनी बोटीवरची किंवा कंपनीतली सुट्टी त्याच दिवसाची मागावी. या चाचण्यांचे जांभळ्या झाकणाच्या नळीतले रक्त थंड ठेवले तर काही दिवस टिकते. गुणसूत्रे तुटण्याच्या चाचणीसाठी मात्र जिवंत पेशी लागतात. ते रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेऊन एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचलेच पाहिजे. जुलैच्या पावसात दरड कोसळून गाड्या अडकतात, हे आपल्याला सांगायला नको. ते रक्त गावाहून कुरियरने पाठवण्यापेक्षा बाळाला घेऊन मुंबईला जावे आणि सोमवारी किंवा मंगळवारी द्यावे, म्हणजे शनिवार-रविवारची सुट्टी मध्ये येत नाही.

रिपोर्ट तीन प्रकारचा येतो. कारण सापडले; काही सापडले नाही; किंवा असा बदल सापडला ज्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. तिसऱ्या प्रकाराने सर्वांत जास्त घोटाळा होतो, कारण कागदावर जनुकाचे नाव छापलेले असते आणि घरातले शिकलेले पोर ते मोबाइलवर शोधून भलतेच वाचते. अर्थ न ठरलेल्या बदलाच्या आधारावर पुढच्या बाळाचा, कोणाच्या लग्नाचा, कशाचाच निर्णय घेऊ नये. काही न सापडणे म्हणजेही आनुवंशिक नाही असा दाखला नव्हे. दोन-तीन वर्षांनी तोच डेटा पुन्हा वाचून घेता येतो. आमच्या मुलाची गुणसूत्रे तुटत नव्हती, मायक्रोअॅरे स्वच्छ होता. अंगठा आणि मूत्रपिंड या दोनच गोष्टी असल्याने व्हॅक्टर्लही म्हणता आले नाही. नाव मिळाले नाही, पण काय नाही ते कळले आणि वहिनीला पहिल्यांदा रात्रभर झोप लागली.

समुपदेशनाच्या खोलीत

आईवडील दोघांनी जावे, सोबत जास्तीत जास्त एक वडीलधारे माणूस असावे. फाइल, वंशवृक्ष, फोटो, गरोदरपणातील सोनोग्राफी आणि प्रश्नांची चिठ्ठी न्यावी. समुपदेशक अमुकच करा असे सांगत नाहीत. माहिती देतात आणि निर्णय कुटुंबावर सोडतात. आपल्या लोकांना हे सुरुवातीला अवघड जाते, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा’ म्हणून आपण हात जोडतो. तरीही आग्रहाने पुन्हा विचारावे, समजेपर्यंत विचारावे, आणि शेवटी निष्कर्षाचे पत्र लेखी मागावे.

सर्वांत जास्त गैरसमज पुढच्या बाळाच्या शक्यतेबद्दल होतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजाराचा बदल अंगी असलेले, असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारात एक शक्यता असते. एका मुलाला झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नाही. दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. आईला किंवा वडिलांना स्वतःलाच तो फरक असेल तर शक्यता अनेकदा निम्मी असते. बाळात नव्यानेच बदल झाला असेल तर पुढच्या वेळची शक्यता थोडी, साधारण शंभरात एकच्या आसपास, धरतात. तंतूंच्या खाचा किंवा एका बाजूचा आखूड हात यांत ती इतर कोणत्याही जोडप्याएवढीच असते, आणि कोणत्याही जोडप्याला शंभरात दोन-तीन गर्भधारणांत काही ना काही मोठा जन्मदोष संभवतो, हेही ऐकून ठेवावे.

फँकोनीचे निदान झाले तर धडधाकट दिसणाऱ्या भावंडांचीही चाचणी करतात, कारण त्यांचे अंगठे पूर्ण असूनही आजार असू शकतो. इतर बऱ्याच बाबतीत निरोगी लहान भावंडांची वाहक-चाचणी करत नाहीत. ते मोठे झाल्यावर स्वतः ठरवतील.

पुढचे बाळंतपण

दिवस राहण्यापूर्वीच पुन्हा एकदा समुपदेशकांना भेटावे, साखर ताब्यात आणावी, औषधांची यादी दाखवावी. हातपाय १२ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत अनुभवी डॉक्टरांना बऱ्यापैकी दिसतात आणि १८ ते २० आठवड्यांत पुन्हा नीट पाहतात. सोनोग्राफीपूर्वी आधीच्या बाळाची फाइल त्या डॉक्टरांच्या हाती द्यावी, म्हणजे कुठे पाहायचे ते कळते. कुटुंबातील नेमका जनुकीय बदल आधीच सापडलेला असेल तरच वार किंवा गर्भजल यांची चाचणी उपयोगी पडते. वारेचा नमुना दहा आठवड्यांपूर्वी घेत नाहीत, कारण तितक्या लवकर घेतल्यास बाळाच्याच हातापायांना इजा झाल्याचे पूर्वी आढळले आहे. या तपासण्यांत बाळाचे लिंग सांगणे कायद्याने गुन्हा आहे, ते विचारूही नये.

गर्भात हाताचा फरक दिसला, तर हृदय, मूत्रपिंडे आणि कणा पुन्हा पाहिल्याशिवाय आणि समुपदेशन झाल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. निर्णय त्या बाईचा असतो. एका हाताने जन्मलेली मुले सायकल चालवतात, होडी वल्हवतात, शाळेत पहिली येतात, हे तिला सांगणारे कोणीतरी त्या वेळी तिच्याजवळ असावे.

कागद आणि मुलाची स्वतःची फाइल

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व समाविष्ट आहे. स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते, आणि लहान मुलाला बहुधा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते, त्याची तारीख संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे.

आमचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी तो वाटीतले चणे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या कात्रीत एकेक उचलायचा, आणि थेरपिस्ट बाई खाली बसून नुसते ते पाहत राहायच्या. कारण मूल स्वतः हात कसा वापरते, हेही निदानच असते आणि शस्त्रक्रियेचा आराखडा त्यावर ठरतो. त्या चण्यांचा व्हिडिओही फाइलमध्ये आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे: एकच मूत्रपिंड, दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच; गुणसूत्रे तुटण्याची चाचणी झाली, नॉर्मल; एक्झोम झालेले नाही; वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ही फाइल त्याच्या हाती द्यावी आणि त्याची इच्छा असल्यास त्याने स्वतः समुपदेशकांना भेटावे.